वजनकाट्यावरचा तिसरा पाय

माझ्या मुलीची सायकलिंगची कारकीर्द मी एकदा डाव्या पायाच्या अंगठ्याने जवळजवळ संपवली होती.

मयूरी पोटापाण्यासाठी सायकल चालवते. वर्षातले काही महिने परदेशात रस्त्यावरच्या शर्यती, उरलेले महिने विक्रोळीला, आमच्या हॉलमध्ये. मागचं चाक काढून सायकल एका जड स्टँडवर बसवायची, समोर स्क्रीन लावायचा, आणि जगभरातल्या मुलींनी आपापल्या घरातून एकच डोंगर चढायचा. (पहिले काही महिने मी शेजाऱ्यांना सांगत होतो की ती सायकल दुरुस्त करतेय.)

तिचा जुना संघ अचानक बंद पडला. दुसऱ्या एका संघाला नवी मुलगी हवी होती आणि ती ते अशाच एका शर्यतीतून निवडणार होते. ही संधी गेली की अख्खं वर्ष घरी.

अशा शर्यतीआधी वजन-उंचीचा व्हिडिओ पाठवावा लागतो. वजन जास्त, तर स्क्रीनवरच्या चढावर सायकल हळू. हे मयूरीने मला दोनदा समजावलं होतं. मी दोनदा मान डोलावली होती.

पण त्याच आठवड्यात गावाहून माझ्या बहिणीचा फोन आला. तिने मयूरीचा फोटो पाहिला होता. "ह्या चेडवाक जेवूक घालतंस मा रे?" ती म्हणाली. पोरीला जेवायला घालतोस ना, असं सख्ख्या बहिणीने विचारावं, ते मला लागलं.

व्हिडिओच्या वेळी बायकोने मोबाईल धरला. मयूरी काट्यावर, नियमाप्रमाणे समोर बघत ताठ. तिच्या मागे मी, उंची मोजायची पट्टी घेऊन. आकडा आला एकोणपन्नास. माझ्या मनात आलं, हे आता परदेशातली माणसं बघणार. इतकी वर्षं कंपनीत नोकरी करून या माणसाला एका मुलीला पोटभर घालता येत नाही? मी अंगठा हळूच काट्याच्या मागच्या कोपऱ्यावर टेकवला. एकावन्न. जरा जोर दिला. त्रेपन्न. आता कसं खात्यापित्या घरचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, शर्यतीला तीन तास असताना, आयोजकांचा मेल आला. महिन्याभरात चार किलो वाढले कसे? खुलासा करा, नाहीतर बाद.

मयूरीने व्हिडिओ मोठा करून पाहिला.

"बाबा, हा अंगठा कोणाचा?"

मी चष्मा शोधायला लागलो.

"तुमचाच," बायको म्हणाली. "तीस वर्षं बघतेय मी तो."

मयूरी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. "बाबा, खोटं वजन दिलं तर बंदी येते. कायमची पण येऊ शकते."

मग तिने आयोजकांना व्हिडिओ कॉल लावला आणि मला समोर बसवलं. पलीकडे एक गंभीर बाई होत्या. मी हात जोडले. "मॅडम, फूट इज माइन. डॉटर इज लाइट. फादर इज मूर्ख." बाईंनी एकदम कॅमेरा बंद केला. (त्या हसत होत्या, असं मयूरी म्हणते.) परत आल्या तेव्हा म्हणाल्या, आत्ता माझ्यासमोर वजन करा, आणि घरातल्या सगळ्यांचे पाय दिसू देत. मी दिवाणावर पाय लांब करून बसलो, दोन्ही तळवे कॅमेऱ्याकडे. एकोणपन्नास.

मयूरी शर्यतीत दुसरी आली. आठवड्याने संघात घेतल्याचं पत्र आलं.

शर्यत संपली त्या दिवशी घामाने भिजलेली ती माझ्याशेजारी फरशीवर बसली. मी माफी मागणार, तोच म्हणाली, "सहा वर्षं पहाटे माझ्या मागे हायवेवर स्कूटर घेऊन आलात. तुम्ही नसतात तर मी कुठली एवढी लांब जायला?"

एवढी चूक केल्यावर असं कोण बोलतं? माझी मुलगी बोलते. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

"फक्त एक करा," ती म्हणाली. "घरातली शर्यत असली की बाजारात जा."

पुढच्या शर्यतीला मी गेलो. मेथी निवडून घेत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन आला: मयूरी पहिली आली. तेव्हापासून तिच्या यशात माझा मोठा वाटा आहे. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा मेथी असते.