दारात परत दिलेली पावती

बी.ए. झाल्यावर कर्जतच्या एका हायस्कुलातून मुलाखतीचं बोलावणं आलं. कॉलेजातल्या आमच्या एका सरांनी मला सगळी वर्षं स्वतःची पुस्तकं वाचायला दिली होती. त्यांनी आधी पत्र पाहिलं, मग माझे पाय पाहिले आणि बूट घालून जा म्हणाले. सरांचा शब्द मी कधी मोडला नव्हता, त्यामुळे घरी तसं सांगितलं. आमच्या घरात तोवर कोणी बूट घातले नव्हते. पण पदवीही तोवर कोणी घेतली नव्हती, तेव्हा वडिलांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

बूट आणायला ते एकटेच नगरला गेले. मी येतो म्हटलं, तर एस.टी.चं दुसरं तिकीट कशाला, मापाला चप्पल पुरे, असं म्हणून त्यांनी माझी उजवी चप्पल पिशवीत घातली. ही जोडी मी शाळेत असताना गावातच शिवून घेतली होती, ट्रकच्या टायरच्या तळाची. मध्यंतरी तिचे पट्टे उसवले तेव्हा मी दोन्हीकडे निळ्या वायरचे टाके घातले होते. तेवढ्या काळात पाय वाढला होता आणि चालताना टाच चपलेच्या मागे जमिनीला टेकत असे. याकडे घरात कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, माझंही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी वडील काळ्या बुटांचा खोका घेऊन आले. चप्पल दुकानातच विसरली होती.

घरात कोणतीही नवी वस्तू आली की आई आधी तिला कुंकू लावायची. पायात घालायच्या वस्तूला लावावं की नाही, यावर थोडी चर्चा झाली. आई म्हणाली, नांगराला लावतो, मग याला का नको, याच्यावर तर नोकरी आहे. तिने दोन्ही बुटांच्या आत, टाचेच्या जागी, ओल्या कुंकवाचं एकेक बोट दाबून ओढलं. मग मी पाय घातला. तो कुंकवापर्यंत पोचलाच नाही. टाच बाहेरच राहिली, चपलेत राहायची तशी.

मुलाखत सोमवारी होती. उद्या जाऊन बदलून आणू, असं म्हणत मी वडिलांना पावती मागितली.

"ती दिली की परत," वडील म्हणाले.

त्या मोठ्या दुकानात पैसे भरले की पावती मिळे, आणि बाहेर पडताना दारातला माणूस ती बघून परत देई. त्याने हात पुढे केल्यावर वडिलांनी पावती त्याच्या हातात ठेवली आणि चालू लागले. मागून हाक आली, तर असू द्या, आपला विश्वास आहे, असं सांगून ते स्टँडवर गेले. आमच्या गावात दुकानदाराकडून कागद घेणं म्हणजे तुझ्यावर भरवसा नाही असं त्याला तोंडावर सांगणं. आपण दुकानाचा मान राखला, असंच त्यांना वाटत होतं.

शनिवारी आम्ही दोघं नगरला गेलो. मी अनवाणी होतो. राहिलेली डावी चप्पल पिशवीत घेतली होती, तिची जोडी सापडली तर येताना तरी पायात काही असेल म्हणून.

दुकान तीन मजली होतं. भिंतीवर "एकच भाव" अशी पाटी होती. खालच्या मजल्यावर काच लावलेल्या टेबलामागे मॅनेजर चहा पीत बसले होते. त्यांनी पावती मागितली. वडिलांनी दारातल्या माणसाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, दारात पडलेले कागद रोज झाडून टाकतो, कोणाकोणाचं लक्षात ठेवू. मॅनेजरनी खोका उघडला आणि बुटात बोट घातलं. बोट लाल झालं.

"हे काय?"

"कुंकू," वडील म्हणाले.

"म्हणजे वापरलेत."

"वापरल्यात न्हाई. पुजल्यात."

मॅनेजरनी बोट रुमालाला पुसलं. ते रागावले नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाबा, हे आमच्याच दुकानातले कशावरून?"

वडिलांना असं कोणी विचारलं नव्हतं. गावात ते म्हणाले की तसं असे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बी.ए.ला मला तर्कशास्त्र होतं आणि त्यात मार्कही बरे होते, पण त्या वेळी मी भिंतीवरची पाटी वाचत राहिलो. मग वडिलांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, चप्पल काढली आणि टेबलाच्या काचेवर ठेवली. मॅनेजरनी चहाचा कप उचलून घेतला.

"हिची जोडीदारीण तुमच्याकडं हाय," वडील म्हणाले. "बोलवा तिला."

बुटांच्या विभागातल्या माणसाला बोलावलं. त्याने निळे टाके पाहिले, परत गेला आणि उजवी चप्पल दोन बोटांत धरून घेऊन आला.

"ही तुमची होय?" तो वडिलांना म्हणाला. "काल एक गिऱ्हाईक हिचा भाव विचारत होतं."

मॅनेजरनी दोन्ही चपला शेजारी ठेवून टाके नीट पाहिले. कुंकवाचं काय करायचं, असं त्यांनी त्याला विचारलं. आत कोण बघतंय साहेब, असं तो म्हणाला. तेवढ्यावर बूट बदलून मिळाले. या वेळी मी पाय घालून दुकानभर चालून पाहिलं. दारात त्या माणसाने पुन्हा हात पुढे केला. वडिलांनी पावती दाखवली, पण सोडली नाही. त्याचं वाचून होईपर्यंत दोघंही तिचं एकेक टोक धरून उभे होते.

घरी आईने आधी मला विहिरीपर्यंत चालायला लावलं आणि मगच कुंकू लावलं.

सोमवारी वडील माझ्याबरोबर कर्जतला आले. मुलाखत संस्थेच्या कार्यालयात होती आणि तिथे जाजम आणि गाद्या घातलेल्या होत्या. सगळ्यांची पायताणं बाहेर ओसरीवर. मोज्यांबद्दल सर काही बोलले नव्हते, त्यामुळे मी अनवाणीच आत गेलो. वडील बुटांशेजारी बसले.

बाहेर आलो तेव्हा माझ्या आधी मुलाखत देऊन थांबलेले एक उमेदवार वडिलांसमोर वाकून उभे होते. त्यांचेही बूट काळे, त्याच दुकानातले. माझ्या एका बुटाचं एक टोक त्यांच्या हातात होतं आणि दुसरं वडिलांच्या.

"अहो, माझेच आहेत हे," ते म्हणत होते.

"कशावरून?"

त्यांनी बूट आणखी स्वतःकडे ओढला.

"आत बघा, पाव्हणं. कुंकू असंल तर आमचं."

त्यांनी आत पाहिलं, बूट खाली ठेवला आणि शेजारची जोडी उचलली. मी माझे बूट घातले. नाड्या बांधायची सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागला. दुसरी गाठ पूर्ण होते तोच शिपाई दारात आला.

"रुजू कधी होता, विचारतायत. आत या," तो मला म्हणाला, आणि खाली बघून पुढे म्हणाला, "बूट काढून."

मी नाड्या सोडायला वाकलो. उठलेले वडील परत खाली बसले.