तोंडाचा ठसा

कवळ्या बसवणाऱ्या डॉक्टरला किस्से हुडकत फिरावं लागत नाही. ते आपणहून येतात, खुर्चीत बसतात आणि आ करतात. नांदेडात माझा दवाखाना, लातुरात माझ्या वर्गमित्राचा, संजूचा. फोनवर आमची देवाणघेवाण चालूच असते.

*

भोकरचे एक काका आले. म्हटलं, काका, कवळीसाठी ठसा घ्यावा लागेल. त्यांनी गुमान डावा अंगठा पुढं केला! तोंडाचा ठसा हो, मी म्हटलं. काका विचारात पडले.

“सातबाऱ्याला आता तोंडाचा बी चालतो का?”

*

संजूनं स्कॅनर घेतला तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर नाहीत. तोंडात ठशाची पेस्ट नाही, उमासे नाहीत, कांडी फिरवली की हिरड्या स्क्रीनवर! देगलूरचे एक दुकानदार आपलं बोळकं एवढं मोठं बघून गारच पडले. बायको शेजारीच होती. म्हणाली, आत कायबी न्हाई, तरी दिवसभर बोलून राहिलेत.

*

माझं म्हणणं एवढंच की फोटोत तोंड गप्प असतं, आणि कवळीला राहायचंय बोलत्या तोंडात. ठसा घेताना मी ओठ हलवायला लावते, गाल ओढते, जीभ बाहेर काढायला सांगते. पेस्टमध्ये ते सगळं उमटतं. संजू म्हणतो, तू म्हातारी झालीस. एका वर्गात होतो आम्ही, मेला!

*

मग एकदा तोच उदगीरच्या अक्कांना घेऊन आला. सोबत त्यांचे मालक, अप्पा. स्कॅनवरची कवळी दिसायला झकास, पण अक्का बोलू लागल्या की खालची उचलायची. आणि अक्कांना तर बोलायचंच होतं. अप्पांना ऐकू कमी, ते अक्कांचे ओठ बघून समजून घ्यायचे. दात गेले तसं त्यांना काहीच कळेना.

“भांडायची बी सोय न्हाई राहिली, बाई,” म्हणताना अक्कांचे डोळे भरले.

ठसा घेतला, नवी कवळी केली, बसवली. ‘स’ तपासायला साठ, एकसष्ट, बासष्ट म्हणून झालं, कवळी हलली नाही. संजू हटेना. म्हणाला, ‘श’चा एखादा शब्द म्हणा.

अक्का लाजल्या. ‘श’ म्हटलं की मालकांचंच नाव येतंय, आन् ते उखाण्याबिगर कधी घेतलं न्हाई, म्हणाल्या. मी म्हटलं, घ्या आज.

त्यांनी पदर सारखा केला, अप्पांकडं तोंड केलं.

“शरणप्पा.”

अप्पांनी गालात हसत कानामागं हात धरला.

“न्हाई आलं ऐकू. पुन्ना म्हन.”