नोरीन पिलिंगने भरवलेली सभा

उत्तर इंग्लंडातल्या आमच्या क्लॉफ्टनमध्ये सपातांचा कारखाना होता, तेव्हा अर्धं गाव त्यात कामाला होतं. घरात घालायच्या, आतून लोकरीचं अस्तर लावलेल्या सपाता. नोरीन पिलिंग सोळाव्या वर्षी तिथे शिवणयंत्रावर बसली, ती कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशीच उठली. शेजारच्या यंत्रावर रझिया बेगम असायची. नवऱ्यामागून बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेली. त्या खडखडाटात ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नसे, त्यामुळे दोघींचा आवाज जो चढला तो पुढे कधी उतरलाच नाही.

त्या आवाजाच्या जोरावरच नोरीन आमच्या विणकर क्लबात दर गुरुवारी हाउजीचे आकडे पुकारायला लागली. मी बारमागे एकवीस वर्षं काढली, तेव्हा हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. हाउजीत आकड्यांना टोपणनावं असतात; चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून ती म्हणायची, "दोन लठ्ठ बायका!" की खालून रझिया ओरडायची, "एक मी, दुसरी कोण?"

"दुसरी स्टेजवर बसलीय! अठ्ठ्याऐंशी!"

विनोद तोच, पण लोक दर गुरुवारी नव्याने हसायचे.

नोरीन कामगारांच्या पक्षाची. बाप पक्षाचा, नवरा स्टॅन्ली पक्षाचा. "आम्ही पिलिंग लोक पक्षातच जन्मतो, चर्चमध्ये फक्त नाव ठेवून आणतात," असं स्टॅन्ली म्हणायचा. तो गेल्यावरही नोरीन थंडीपावसात पत्रकं वाटत हिंडायची. चौदा वर्षं विरोधात काढून पक्ष सत्तेवर आला, त्या आठवड्यात हाउजीत दहाचा आकडा निघाला. दहा म्हणजे पंतप्रधानाच्या घराचा नंबर. नोरीनने तो असा पुकारला, जणू घराची किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता.

वर्षभरात त्याच आकड्यावर लोक हुर्यो करायला लागले. म्हाताऱ्यांना थंडीत घर गरम ठेवायला मिळणाऱ्या सरकारी मदतीला कात्री लागली होती. डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत आजार आपोआप बरा व्हायचा, नाहीतर माणूस जायचा. गावातल्या दिव्याच्या खांबांवर देशाचे झेंडे चढले, आणि झेंडेवाल्यांचा नवा पक्ष दारोदार सांगत फिरू लागला की सगळा दोष बाहेरून आलेल्यांचा. आमचे पुढारी यावर काहीतरी खणखणीत बोलतील, असं नोरीनला वाटत होतं. पुढारी बोलले, पण झेंडेवाल्यांचंच, जरा इस्त्री करून.

सप्टेंबरात पक्षाकडून पत्रकांचे गठ्ठे आले. नोरीनने नेहमीच्या भरवशावर न वाचताच वाटून टाकले. दारादारांच्या फटीतून सरकवत गेली, तिच्या सवयीप्रमाणे.

पुढच्या गुरुवारी रझिया आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन लठ्ठ बायका निघाल्या, आणि खालून कोणीच ओरडलं नाही. नोरीन नुसतंच म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी."

दुसऱ्या दिवशी ती रझियाच्या घरी गेली. पुढचं तिनेच मला सांगितलं. रझियाने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. आतून ते पत्रक आणून तिच्या हातात ठेवलं. दवाखान्याबाहेरच्या रांगेचा फोटो होता. रांगेत सगळे सावळे चेहरे, आणि वर ठळक अक्षरांत, 'आधी आपली माणसं.'

"हे माझ्या दारात कोणी टाकलं?" रझियाने विचारलं.

"मी."

"बरं झालं तूच आलीस. मग सांग, मी आपली की परकी? स्टॅन्लीच्या शेवटच्या महिन्यात तुझ्या घरी डबा कोण आणत होतं, आपली का परकी?"

"रझिया, देवाशपथ, मी वाचलं नव्हतं गं."

"तेच तर म्हणते मी. तू वाचत नाहीस, म्हणून ते लिहितात."

नोरीन तिथून सरळ क्लबात आली. दुपारची वेळ, बार रिकामा होता. मी चहा दिला, तो तिने प्यायला नाही. डोळे पुसले, आणि पर्समधून सभासदत्वाचं कार्ड काढून टेबलावर टाकलं.

"फाडून टाक," मी म्हणालो. "सगळे सोडतायत. आमच्या मेहुण्याने परवाच सोडला पक्ष."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बिअरचा नळ पुसायला लागलो.

"मी का सोडू? माझ्या बापाने वर्गणी गोळा करून उभी केलेली शाखा आहे ही. घरात उंदीर झाले म्हणून घर उंदरांना द्यायचं?"

आमच्या शाखेत तेव्हा अकरा सभासद उरले होते, त्यातले दोघे वृद्धाश्रमात. पुढच्या गुरुवारपासून हाउजीच्या मध्यंतरात, लोक वाटाणे आणि मटणाचे पॅटिस खात असताना, नोरीन टेबलाटेबलावर फिरू लागली. "पक्षावर चिडलीस ना? मग ये आत आणि आतून चीड." बायका म्हणायच्या, "अगं, त्या पुढाऱ्यांना माझी सहीसुद्धा मिळणार नाही!" ती म्हणायची, "त्यांना नको, मला दे." सगळ्यांत आधी ती पुन्हा रझियाच्याच दारी गेली. या वेळी रझियाने आत घेतलं, चहा दिला, तासभर बोलून घेतलं, आणि सही केली. मग तिच्या सुना आल्या, मशिदीच्या स्वयंपाकघरातल्या बायका आल्या, कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणी आल्या.

गंमत अशी की पक्षाचे विभागीय संघटक अॅलिस्टर क्रॉफ्ट यावर भलतेच खूश झाले. मँचेस्टरहून बँकेच्या साहेबासारखा सूट घालून आले आणि नोरीनचा हात हलवत म्हणाले, "मिसेस पिलिंग, देशभर सभासद घटतायत आणि इथे वाढतायत! आपल्या नव्या कडक भूमिकेला लोक असा प्रतिसाद देतायत. मी वर कळवलंय."

"कळवा हो, नक्की कळवा," नोरीन म्हणाली.

वसंतात आमच्या वॉर्डातला नगरसेवक निवृत्त झाला. उमेदवार शाखेच्या सभासदांनी निवडायचा, आणि ज्यांना सहा महिने पूर्ण झाले त्यांनाच मत. नोरीनच्या बायकांचे ते नुकतेच पूर्ण झाले होते. उमेदवार म्हणून क्रॉफ्टसाहेबांनी स्वतःचंच नाव पुढे केलं. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं की बायका काही वेगळ्याच विचारात आहेत. कारण निवडीची सभा त्यांनी ठेवली गुरुवारी संध्याकाळी, ऐन हाउजीच्या वेळी, आणि तीही टेकडीवरच्या मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये.

नोटीस वाचून नोरीन एवढी हसली की तिला खोकला आला. "हाउजी सोडून या बायका येणार नाहीत असं वाटतंय त्याला. बरोबर आहे त्याचं. नाहीच येणार."

तिने त्या चर्चच्या पाद्रीबाईंना फोन केला. मग क्लबाच्या दारावर पाटी लागली, 'या गुरुवारी हाउजी वर, चर्चच्या हॉलमध्ये. आधी छोटी सभा.'

त्या संध्याकाळी मी बार बंद करून गेलो. टेकडी चढणाऱ्या बायकांची रांग खालच्या पुलापर्यंत लागली होती. काठ्या, चाकाच्या खुर्च्या, कोणाच्या हातात समोशांचे डबे, कोणाच्या हातात केक. हॉलमध्ये क्रॉफ्टसाहेबांनी वीस खुर्च्या मांडल्या होत्या. बायकांनी आपणहून मागचं कोठार उघडलं आणि खुर्च्या काढायला लागल्या.

"ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांनी बाहेर जावं," क्रॉफ्ट म्हणाले.

ऐंशी-पंच्याऐंशी पर्स एकदम उघडल्याचा आवाज तुम्ही कधी ऐकलाय? मी ऐकलाय. सगळ्यांच्या हातात कार्ड.

क्रॉफ्टनी भाषण केलं. लोकांच्या मनातली भीती ओळखली पाहिजे, वगैरे. मग विचारलं, आणखी कोणाचं नाव? रझिया उठली. "नोरीन पिलिंग."

नोरीन खरोखर दचकली. तिने नर्स असलेल्या एका भाचीचं नाव ठरवून ठेवलं होतं. "अगं ए, मी नाही! मी आपली आकडे पुकारणारी बाई."

"मग पुकार की," रझिया म्हणाली. "आतापर्यंत आमच्यासाठी कोणी मोठ्याने बोललंच नाही."

नोरीन उभी राहिली. माइक घेतला नाही. तिला कधीच लागला नव्हता.

"सप्टेंबरात मी माझ्या मैत्रिणीच्या दारात घाण टाकली," ती म्हणाली. "आपल्या पक्षाच्या चिन्हाखाली छापलेली. लंडनमधल्या शहाण्यांना वाटतं, झेंडेवाल्यांसारखं बोललं की लोक आपल्याकडे येतील. अरे, ज्याला तसलं हवंय तो अस्सल सोडून तुमची नक्कल कशाला घेईल? आणि ज्यांना नकोय ते आम्ही, आम्ही कुठे जायचं? डॉक्टर मिळत नाही, तर डॉक्टर आणा. रांगेतल्या माणसाला शिव्या देऊन रांग कमी होत नाही. एवढंच. मला भाषण येत नाही."

हात वर झाले. क्रॉफ्टनी मोजले, पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा पाद्रीबाईंनी मोजून दिले. क्रॉफ्टना नऊ मतं पडली. बाकी सगळी नोरीनची. हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला, तो कारखान्यातल्या यंत्रांपुढेही ऐकू आला असता. रझियाने तिला मिठी मारली, आणि दोघी तशाच उभ्या राहून रडत हसत होत्या. क्रॉफ्टसाहेब कोट घेऊन निघाले, तर एका म्हातारीने त्यांना दारात अडवून हातात हाउजीचं तिकीट ठेवलं. "बसा हो साहेब, इथे तरी नशीब काढाल." बिचारे बसले. मला तेव्हा त्यांच्याबद्दल थोडं बरं वाटलं.

मे महिन्यात निवडणूक झाली. आजूबाजूचे वॉर्ड एकामागून एक झेंडेवाल्यांनी घेतले. वरून नोरीनसाठी ना पैसा आला ना पत्रक. आम्ही आमची पत्रकं छापली, आणि वाटण्याआधी नोरीनने प्रत्येकीकडून ती मोठ्याने वाचून घेतली. आमचा वॉर्ड तिने दोनशे बारा मतांनी राखला. निकाल लागल्यावर लंडनच्या एका पुढाऱ्याने टीव्हीवर सांगितलं की क्लॉफ्टनच्या विजयाने पक्षाची भूमिका योग्य ठरली. क्लबात त्याच्यावर शेंगदाण्यांचा मारा झाला, आणि टीव्हीची काच मला पुसावी लागली.

दुसऱ्या दिवशी नोरीन आणि रझिया बाजारात निघाल्या होत्या. शिडीवर चढून खांबाला झेंडा बांधणारा गॅरी हार्गरीव्ह्ज वरून ओरडला, "नोरीन, मी नाही हां तुला मत दिलं! बायकोने दिलं!"

"मग निम्मं घर आलं की रे," नोरीन खालून म्हणाली. "उरलेलं पुढच्या खेपेला. आणि शिडी नीट धर, पडलास तर डॉक्टर मिळायला अजून वेळ आहे. मी त्याच कामाला निघालेय."