बेनीदादानं न म्हटलेली प्रार्थना

फोन दादाच्या शेजारी राहणाऱ्या वैशालीचा होता. "आत्या, बेनीकाका गेले. मी सकाळी चहा घेऊन गेले, तर..." पुढं तिला बोलवेना. मी भाजी निवडत बसले होते. ती पूर्ण निवडून झाली आणि मगच मी साडी बदलली. बेंजामिन, आमचा बेनीदादा, माझा सख्खा मोठा भाऊ. त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आमची प्रार्थना चालवणाऱ्या हझानकाकांनी ठाण्याहून फोन करून विचारलं, "रिबेका, दहा पुरुष जमतील ना? त्याशिवाय काद्दिश म्हणता येत नाही." मी म्हटलं, "जमवू नका. त्याला चालायचं नाही." मी एकही फोन केला नाही. सहाजण आले, माती झाली आणि काद्दिश, मेलेल्यासाठीची ती प्रार्थना, न म्हणताच सगळे घरी गेले. दादाच्या कथांवर प्रेम करणाऱ्या पुष्कळांनी या महिन्याभरात हळहळ व्यक्त केली. त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

आम्ही बेने इस्रायली ज्यू. धर्म तो, आणि घरची भाषा मराठीच. वडील भिवंडीत सुतारकाम करायचे. शनिवार आमचा शब्बाथ, त्या दिवशी त्यांचा रंधा हलायचा नाही. गिऱ्हाईक दारातून परत गेलं तरी चालेल. दादा लूममध्ये, यंत्रमागाच्या कारखान्यात, माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून लागला आणि घरात भांडण शिरलं. इथं लूम जुम्म्यामुळे शुक्रवारी बंद, त्यामुळे शनिवारी त्याची ड्युटी ठरलेली. वडील म्हणायचे, "सुट्टी बदलून माग." दादा म्हणायचा, "कुणासाठी? तुमचा देव हजेरी घेतो का?" आई शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायची आणि दोघांच्या मधे बसायची, म्हणजे निदान जेवण तरी शांतपणे व्हावं.

नास्तिकाचं मला काही वाटत नाही. दादा तसाही नव्हता. त्याला देव हवाच होता, फक्त आमच्या घरातला नको होता. वज्रेश्वरीला जाऊन गरम कुंडांपाशी तासन् तास बसायचा. वैशालीच्या वडिलांबरोबर विहारात ध्यानाला जायचा. कारखान्यातल्या एका मौलवींकडून अब्राहामाच्या गोष्टी ऐकून यायचा आणि त्या वडिलांनाच शिकवायचा! पन्नाशी गाठता गाठता जुनं पुस्तक मिळवून हिब्रू शिकला. हझानकाका अडखळायचे तिथं हा सरळ वाचायचा... आणि सिनेगॉगची पायरी मात्र चढायचा नाही.

मग वडील गेले. सात दिवसांच्या शोकात पहिल्याच संध्याकाळी ठाणे-कल्याणहून आठ नातेवाईक आले, हझानकाका धरून नऊ. दहावा दादा. मेलेल्या बापासाठी मुलानं काद्दिश म्हणायची. तिच्यात मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाची स्तुती. पाच मिनिटांचं काम. दादा उठला आणि म्हणाला, "मला हे खरं वाटत नाही. मी उभा राहिलो तर ते खोटं होईल." चपला घातल्या आणि निघून गेला. नऊ पुरुष तासभर दाराकडं बघत बसले. हझानकाकांनी पुस्तक मिटलं. आई नुसती लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिली. दुसऱ्या दिवशी दहावा माणूस मी पनवेलहून आणला. पण तो परका होता, मुलगा नव्हता.

दोन वर्षांनी एका दिवाळी अंकात दादाची कथा आली. तिच्यात सुताराचा मुलगा दारापर्यंत जातो, परत फिरतो, बापासाठी काद्दिश म्हणतो आणि आई त्याच्या डोक्यावर हात ठेवते. लोकांनी पत्रं लिहिली. श्रद्धेचा शोध घेणारा लेखक, असं कुणीतरी छापलंसुद्धा. मी ती कथा आईला वाचून दाखवली. तिलाही राग यावा म्हणून, खोटं कशाला बोलू. आई ऐकत राहिली. म्हणाली, "म्हटली बघ त्यानं."

"म्हटली नाही आई, लिहिली."

"कुठंतरी म्हटली ना? पुन्हा वाच."

तिच्या शेवटच्या आजारात ती कथा मी किती वेळा वाचली, मोजली नाही. तिची औषधं, तिचं अंग पुसणं माझ्याकडं, आणि तिचा जीव त्या चार पानांत. आई गेल्यावर मी ती पानं घेऊन दादाकडं गेले.

"तू खोटं लिहिलंस."

"कथा आहे ती, रिबू."

"मग त्या दिवशी घरात पण कथाच करायची होतीस. पाच मिनिटं."

"देवासमोर खोटं बोलता येत नाही."

"तुझा विश्वास नव्हता ना? मग कुणासमोर बोलता येत नव्हतं?"

दादानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. पुसायला लागावं इतका तो मळलेला नव्हता. त्यानंतर बारा वर्षं आम्ही दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिलो आणि बोललो नाही.

गेल्या आठवड्यात त्याची खोली मोकळी करायला गेले. घरमालकाला रंग द्यायचा होता, रंगारीही आला होता. आत शिरताना दाराच्या चौकटीच्या उजव्या बाजूला खांद्याच्या उंचीवर रंग उडून लाकूड दिसत होतं, हाताच्या तेलानं काळपट गुळगुळीत झालेलं. आमच्या घरांत तिथं मेझुझा असते, शास्त्रवचनाची छोटी डबी. येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावायची. इथं डबी नव्हती, खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. वैशाली म्हणाली, "काका बाहेर पडताना रोज तिथं हात लावायचे. मला वाटायचं, गुडघ्यांमुळे आधार घेतात."

म्हणजे लाकडासाठी याला वेळ होता. आईसाठी नव्हता.

रंगाऱ्यानं विचारलं, "मौसी, ये दाग रहने दूँ?"

"घिसून काढ," मी म्हटलं. "चांगला घिस."

त्यानं पॉलिश पेपर मारला, रंगाचा एक हात दिला, वाळल्यावर दुसरा दिला. मी स्टुलावर बसून बघत होते. डाग गेला. दार कुणाचंही असावं तसं झालं. निघताना तो म्हणाला, "रंग गीला है मौसी, हाथ मत लगाना." दार अरुंद आहे. मी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले आणि तिरकी होऊन बाहेर पडले.