पुठ्ठ्याच्या चंद्रावरची परी

ऐका, पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

तर मी पुस्तकं लिहिते. एक बॅलेवर, म्हणजे पायाच्या अंगठ्यांवर तोल सांभाळून करायच्या त्या परदेशी नाचावर. दुसरं तापीकाठच्या झाडापक्ष्यांवर. तिसरं पऱ्यांच्या आणि चंद्रावरच्या राज्याच्या कवितांचं. वाचली कोणी? घरच्यांनीसुद्धा नाही! आणि एक दिवस उधन्याच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन, "ताई, या ना, तुमच्या पुस्तकांवर बोला." आयुष्यातला पहिला कार्यक्रम! मी दोन वेळा साडी बदलून निघाले.

हॉलच्या दारातच एका मावशींनी हात धरला. "या या ताई! कधीची वाट पाहतोय. चला, सुरूच करा!"

आत पाहते तर काय! स्टेजवर पुठ्ठ्याचा भलामोठा चंद्र. वर चांदण्या टांगलेल्या. आणि चंद्रावर हिरव्या साडीत, फुलांचे दागिने ल्यालेली एक पोरगी. माझे डोळेच भरून आले हो! कवितांसाठी चंद्र, निसर्गासाठी फुलं, आणि वर परीसुद्धा! एका लेखिकेसाठी इतकं कोण करतं? परी अंगाने जरा भरलेली होती. म्हटलं, असू दे, हौसेने बसलीय बिचारी.

दोन लेकरांची आई मी. तरी डोक्यात प्रकाश पडू नये?

कविता वाचली. टाळ्या! सुगरण पक्षी पिल्लांसाठी घरटं कसं विणतो ते सांगायला लागले, तर बायका पदराने डोळे टिपायला लागल्या. मग काय, मला पंखच फुटले. घरटं अर्धवट सोडून थेट बॅले! "ये गं परी, उतर खाली. टाचा उचल, अंगठ्यांवर उभी राहा आणि घे एक गिरकी!"

मावशी ताडकन उठल्या. घाबरल्यावर त्यांची अहिराणीच बाहेर आली. "ओ माय! तिले सातवा महिना शे!"

"कोणाला?"

"माझ्या सुनेला! डोहाळजेवण आहे ना हे! तुम्ही गाणी म्हणायला आलात ना?"

तोंड कुठे लपवू असं झालं मला. माझा कार्यक्रम वरच्या मजल्यावर होता!

मी पिशवी उचलली, तेवढ्यात चंद्रावरून आवाज आला. "आई, थांबवा त्यांना. घरटं अर्धंच राहिलं!" मग घरटं पुरं केलं. त्या पोरीने कवितांचं पुस्तक मागून घेतलं, पोटाशी धरलं आणि म्हणाली, "बाळाला हेच वाचून दाखवेन." खरं सांगते, माझं पुस्तक असं कोणी कधी धरलं नव्हतं. शिवाय मावशींनी पुरणपोळी आणि चणाडाळीचा वाफाळता लोचो पोटभर खाऊ घातला. त्या घराचे उपकार मी विसरणार नाही.

जिना चढले, तर वरून अध्यक्षच घाम पुसत उतरत होते. फोनवरचा तोच आवाज.

"उशीर केलात हो बाई! आमच्या लेखिकाबाई काय गायल्या, काय गायल्या! अख्खा हॉल नाचला. बॅले बॅले म्हणतात तो काय असतो, ते आज कळलं! आणि पुस्तकाचं एक अक्षर बोलल्या नाहीत, म्हणून तर लोक बसले. तुम्ही पण लिहिता का काही?"

"छे हो," मी म्हटलं, "मी खाली जेवायला आले होते."