सीटवर राहिलेली पिशवी

ती घटना आठवली की आजही मला आधी तो तांब्याचा कलश दिसतो, चिंच लावून घासलेला, लख्ख. पोलिसांनी हस्तगत केलेला माल परत मिळाला की माणसांचे चेहरे उजळतात. साखळी मिळाली, मोटारसायकल मिळाली की लोक पेढे घेऊन येतात, बळेबळे तोंडात कोंबतात. या प्रकरणात मी माल परत केला आणि समोरची बाई मटकन खाली बसली. यातल्या कुणाचंही नाव मी सांगणार नाही.

मी तेव्हा नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकून बंदोबस्ताचे कागद चाळत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, एक आजीबाई आल्यात. परदेशातल्या आहेत, पण मराठी बोलतात. बॅग गहाळ झालीय म्हणतात."

सत्तरीच्या बाई. नीट नेसलेली सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. हातात पासपोर्ट घट्ट धरलेला. मॉरिशसहून आल्या होत्या.

"मला मराठी येते," त्या म्हणाल्या. "पण माझ्या आजीची. तुम्ही हळू बोला."

त्यांच्या यजमानांच्या पणजोबांनी नाशिक जिल्हा सोडला तो मजूर म्हणून, बोटीत बसून. गाव कोणतं हे पुढच्यांना ठाऊक नव्हतं. फक्त गोदावरी हे नाव घरात टिकलं होतं. यजमान जन्मभर म्हणत राहिले की आपण एकदा जाऊ. गेले नाहीत. शेवटच्या आजारात त्यांनी बायकोकडून वचन घेतलं, मला रामकुंडावर ने. आणि त्या घेऊन आल्या होत्या. कलशात. मुंबईत विमानातून उतरल्या, रेल्वेनं नाशिकरोडला आल्या आणि तिथून लॉजवर येताना अस्थींची पिशवी गाडीत राहिली. परवा सकाळी गुरुजी ठरलेले होते आणि तेरवा परतीचं विमान.

"पिशवी गाडीत राहिलीच कशी?" मी विचारलं. माझा आवाज तेव्हा असाच असायचा, साधा प्रश्नही उलटतपासणीसारखा यायचा.

त्या खाली बघत म्हणाल्या, "अस्थी जमिनीवर ठेवायच्या नसतात ना."

मुंबई ते नाशिकरोड त्यांनी पिशवी मांडीवरून हलवली नव्हती. लॉजच्या गल्लीत गाडी शिरत नव्हती, म्हणून चालकानं तोंडाशीच थांबवली. डिकीतून मोठी बॅग काढायला दोन्ही हात मोकळे हवे होते. पिशवी रस्त्यावर कशी ठेवणार? म्हणून त्यांनी ती सीटवर ठेवली. मागून हॉर्न सुरू झाले, चालकानं बॅग काढून दिली, डिकी लावली आणि गाडी पुढे काढली. त्या ओरडल्या, पण त्या गर्दीत कोण ऐकतो? गाडीमागे दहा पावलं धावल्याही. माझी नजर पुन्हा त्या बुटांवर गेली.

"टॅक्सी स्टँडवरची होती?"

"नाही. अ‍ॅपची. मुलीनं फोनवर बजावलं होतं. अनोळखी शहर आहे आई, स्टँडवरच्या गाडीत बसू नकोस. अ‍ॅपवर नाव, नंबर, सगळं लिहिलेलं असतं. स्टेशनबाहेर एक म्हातारे टॅक्सीवाले आले होते, या ताई म्हणाले. मी त्यांना नको म्हटलं."

"बरोबर केलंत," मी म्हणालो. माझ्या मुलीलाही मी हेच सांगत असे. स्टँडवरचा टॅक्सीवाला सांगेल तो भाव, ना पावती ना पत्ता. अ‍ॅपचं कसं, सगळं रेकॉर्डवर. मी छाती फुगवून सांगितलं, "आजी, संध्याकाळपर्यंत पिशवी तुमच्या हातात." त्या रडल्या नाहीत. फक्त विचारलं, "पिशवी कुणी पालथी तर करणार नाही ना?"

स्टेशन डायरीला गहाळ मालाची नोंद घेतली. अ‍ॅपच्या मदत केंद्राला फोन केला, तर तिथली मुलगी गोड आवाजात "तुमची तक्रार नोंदवली आहे" एवढंच म्हणत राहिली. पण बाईंच्या मोबाइलमध्ये गाडीचा नंबर होता, चालकाचं नाव होतं, फोटोही होता. दुपारी दोनच्या आत गुन्हे शोध पथकानं माणूस आणून माझ्यासमोर उभा केला.

पस्तिशीचा, गोरा, पोट सुटलेला. गाडी त्याची, अ‍ॅपवर नावही त्याचं.

"सकाळी नाशिकरोडहून आजीबाईंना कुणी आणलं?"

"मीच की साहेब."

"पिशवी?"

"पिशवी-बिशवी काही नव्हती साहेब. आईशप्पथ."

मी त्याला खास पोलिसी खाक्या दाखवला. मारलं नाही, पण न मारता जेवढं करता येतं तेवढं केलं. त्याला घाम फुटला, पण शब्द बदलला नाही. माझी खात्रीच पटली की यानं पिशवी उघडली, आत काय आहे ते पाहिलं आणि कुठल्यातरी नाल्यात फेकून मोकळा झाला. बाईंना ओळख पटवायला तेव्हाच बोलवायला हवं होतं. पण त्या प्रवासानं थकल्या होत्या, आणि माझ्याकडे फोटो होता, नाव होतं. ओळख आणखी काय पटवायची?

मग मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. शहरात भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्यांचे मोबाइलवर गट असतात. त्यांच्यातल्या एका पुढाऱ्याला बोलावून मी मजकूर सांगितला. अमुक नंबरच्या गाडीतून परदेशी महिलेची पिशवी चोरीस गेली आहे. ज्याच्याकडे मिळेल त्याच्यावर चोरीचा गुन्हा दाखल होईल, गाडी जप्त होईल, कुणाचीही गय केली जाणार नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचून घेतलं. ते मला फार आवडलं होतं.

सकाळी बाई आल्या. गाडीमालकाकडे पाहून त्यांनी मान हलवली. "हे नाहीत. ते काळे होते, वयस्क. पांढरी खुंटं वाढलेली. मला आजी म्हणाले."

गाडीमालकाच्या तोंडचं पाणी पळालं. खरं बाहेर आलं. गाडी आणि अ‍ॅपवरचं नाव याचं, चालवणारा दुसराच. हा घरी बसायचा. हे उघड झालं तर अ‍ॅपवाले कायमचे काढून टाकतील, या भीतीनं तो रात्रभर माझ्या ठाण्यात खोटं रेटत बसला होता. चालवणाऱ्याचा फोन आता बंद होता. गाव कुठलं? "तिकडं डोंगरात कुठंतरी, साहेब. नीट माहीत नाय."

मी हात टेकले आणि नाशिकरोडच्या स्टँडवर गेलो. बाईंना "या ताई" म्हणणारे म्हातारे टॅक्सीवाले तिथे बोनेटला टेकून चहा पीत होते. मी गाडीचा नंबर सांगितला. त्यांनी डोकंही खाजवलं नाही.

"ती गाडी व्हय? हरसूलकडचा माणूस चालवतो ती. गरीब हाय बिचारा. हरसूलच्या अलीकडं फाटा लागतो ना, तिथून आत." त्यांनी वळणांसकट घर सांगितलं. मग म्हणाले, "साहेब, काल विचारलं असतं तर कालच सांगितलं असतं. आम्हाला कुणी विचारतच नाय आता."

बाईंना जीपमध्ये घेतलं. त्र्यंबक सोडल्यावर घाट लागला. त्या सारख्या विचारत होत्या, इथून रामकुंड किती लांब?

घर सापडलं. अंगणात चालक उभाच होता, आम्ही येणार हे माहीत असल्यासारखा. पन्नाशीचा, पांढरी खुंटं. बाईंना पाहताच त्यानं हात जोडले. त्याची बायको आतून कलश घेऊन आली आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. घासलेला, लख्ख. त्यावर घडी घातलेलं, धुतलेलं पांढरं फडकं.

बाईंनी कलश घेतला. आत पाहिलं. बोटं घालून तळ चाचपला. मग खाली बसल्या.

मी त्याला बाजूला नेलं. पंचनामा, जबाब, सगळं विसरून फक्त म्हणालो, "काय केलंस हे?"

"साहेब, त्र्यंबक नाक्यावर पुढचं भाडं बसलं तवा पिशवी दिसली. फडकं बघितलं न् समजलो. भाडं उतरवलं, माघारी गेलो त्या गल्लीकडं. तीन लॉजवर विचारलं, कुणी दाद देईना. आजीचा नंबर मोबाइलवर दिसत नाय. घरात तर नेता येत नाय, म्हणून दारच्या आंब्याला टांगली. उद्या परत शोधायचं ठरवलं हुतं." तो घुटमळला. "मग तुमचा तो मेसेज आला."

मी टोपी काढून हातात घेतली.

"चोरीचा गुन्हा, गाडी जप्त. त्यात अ‍ॅपवर नाव माझं नाय. पाचावर धारण बसली, साहेब. म्हटलं, आपण तर आत जाणार. मग या मयताचं काय? झाडालाच लटकून राहायचं का त्यानं? कुणाचा कोण, पण मोकळं तर केलं पायजे. पहाटे गावातली चार माणसं बोलावली, भगताला आणलं, नारळ फोडला, भात ठेवला. माझ्या बापाचं जसं केलं तसंच केलं. काही कमी नाय केलं."

खरंच काही कमी केलं नव्हतं. कलश परत द्यायचा म्हणून त्याच्या बायकोनं तो घासला होता. आतून बाहेरून. चिमूटभर राखसुद्धा राहू दिली नव्हती.

बाईंना ती जागा पाहायची होती. गावाखाली खडकांतून नदी वाहते, गुडघाभर पाण्याची, स्वच्छ. चालक त्यांचा हात धरून उतरला. त्याला त्यांचं समाधान करायचं होतं. "आजी, पाणी चांगलं हाय. अडत नाय कुठं. इथून थेट दमणकडं जातं न् समुद्राला मिळतं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"समुद्राला?" त्या म्हणाल्या. "त्यांना समुद्र नको होता हो. समुद्राच्या पलीकडूनच तर आणलं होतं मी त्यांना."

नाशिकचं निम्मं पाणी गोदावरीतून पूर्वेला जातं आणि या डोंगरापलीकडचं पश्चिमेला. भूगोलात शिकलो होतो. त्या खडकावर उभं राहून मला ते पहिल्यांदा कळलं आणि मी तोंड फिरवलं. माझ्यासोबतची महिला शिपाई उघड उघड रडत होती. चालक गोंधळून एकदा पाण्याकडे, एकदा आजीकडे बघत होता. आपण काय चुकलो हे त्याला समजत नव्हतं, कारण तो चुकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी त्या रामकुंडावर गेल्या. गुरुजींनी अस्थींच्या जागी दर्भ ठेवून विधी केला आणि समजूत काढली. त्यांनी कलशात गोदावरीचं पाणी भरून घेतलं आणि परत गेल्या. चालकावर मी गुन्हा दाखल केला नाही. गाडीमालकाचं प्रकरण परिवहन कार्यालयाकडे पाठवलं. कागदोपत्री माल मिळून आला, तपास पूर्ण.

लोक अजून मला विचारतात, साहेब, बाहेरच्या शहरात गेलं तर टॅक्सी बरी की अ‍ॅप? मी सांगतो, कशातही बसा, पण आधी चालवणाऱ्याचा चेहरा बघा, फोटोशी ताडून पाहा, त्याच्याशी दोन शब्द बोला. अ‍ॅपकडे नाव असतं आणि स्टँडकडे माणूस असतो. मी आयुष्यभर नाव मिळालं की माणूस मिळाला, असं धरून चाललो. आणि भीती घातली की माणूस खरं बोलतो, असंही. भीतीनं लबाड माणूस रात्रभर खोटं बोलत राहिला आणि भल्या माणसानं घाई केली. मी त्या दुपारी मजकुरात "कृपया आणून द्यावी" एवढं लिहिलं असतं, तर तो सकाळी पिशवी घेऊन ठाण्याच्या पायरीवर उभा असता. हे मला कुणी सांगायला नको.

महिन्याभरानं आयुक्तालयात बाईंचं पत्र आलं. नाशिकच्या पोलिसांनी मला आपल्या घरच्यासारखं वागवलं, असं लिहिलं होतं. वरिष्ठांनी ते सर्वांसमोर वाचून दाखवलं आणि माझी पाठ थोपटली. मी उभा राहून सलाम केला.

हरसूलहून परत येताना, घाटात, बाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता. "एक दिवस थांबले का नाहीत ते?"

"घाबरला होता तो," मी म्हणालो.

"कुणाला?"

"कायद्याला," मी म्हणालो, आणि त्यांनी मान डोलावली. पत्राला उत्तर लिहायला मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा कागद फाडला. मला त्यात एवढंच लिहायचं होतं, बाई, तो मला घाबरला होता.