हरणाच्या वाटचं बाळंतपण

बनुबाईनं ते भांडण ऐकलं गोठ्याच्या भिंतीआडून. कऱ्हाडजवळच्या, कोयनेपलीकडच्या एका गावाची ती सुईण. पोट बघायला आली होती, तर आत सासू-सुनेची जुंपलेली. अशा वेळी आत जाऊ नये आणि निघूनही जाऊ नये, एवढं शहाणपण तिला शाळा न बघताच आलं होतं.

"पहिलं बाळंतपण माहेराला असतंय, आत्याबाई," हरणा म्हणत होती.

"तुजं माहेर हाय कुठं गं? आई मेली, भाऊ विचारत न्हाईत. माणातल्या त्या माळावर कोण करणार तुजं, शेळ्या?"

"मला आई न्हाई म्हणून बोलताय. माज्या लेकीचं पहिलं मीच करीन. काळ्या चोराच्या घरात पडली तरी तितं जाऊन करीन!"

"आदी तुजं तरी हू दे."

ते झालं, पण धड झालं नाही. लेक आली आणि हरणाचं रक्त थांबेना. नवरा सयाजी सरहद्दीवर पलटणीत. बनुबाईच्या मांडीवर डोकं ठेवून हरणा जीपमधून कऱ्हाडच्या दवाखान्याकडं निघाली. कोयनेच्या पुलावर तिनं बनुबाईचं मनगट धरलं.

"बनाक्का, माज्या लेकीचं..."

"करते गं बाई, करते."

पूल संपला तेव्हा मनगटावरचा हात गार झाला होता.

बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते, तिला सुटका नसते, असं गाव म्हणतं. बनुबाईनं गावाला कधी काही सांगितलं नाही. पण त्यानंतर ज्या ज्या घरी ती बाळंतिणीला शेकायला गेली, तिथं खोलीच्या उंबऱ्याबाहेर हरणा बसलेली असायची. केस मोकळे, पातळ ओलं, तोंड पलीकडं. कुणाला त्रास नाही, काही मागणं नाही. नुसती वाट बघत बसायची. बनुबाई दर अवसेला हाळिवाचा एक लाडू वळायची, तिन्हीसांजेला कालव्यावरच्या जांभळीखाली ठेवायची आणि मागं न बघता परतायची. बाळंतिणीचा खुराक तो. हरणाच्या तोंडाला लागलाच नव्हता.

हरणाची लेक अपेक्षा शिकली, रविराजशी लग्न करून अमेरिकेला गेली. एक दिवस तिचा फोन आला, तिला दिवस गेले होते. त्या दिवसापासून हरणा बनुबाईच्याच उंबऱ्यावर येऊन बसली. दिवसाढवळ्या. कोंबड्यासुद्धा तेवढी जागा सोडून दाणे टिपायच्या.

बनुबाई उठली ती सरळ सयाजीकडं गेली. तो आता सुभेदार होऊन घरी बसलेला. दुसरं लग्न त्यानं केलंच नव्हतं.

"सयाजी, आपल्याला अमेरिकेला जायाचं हाय," ती म्हणाली. जणू मंगळवारच्या बाजाराला.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ दिग्विजय नावाचा एक गडी व्हिसाची कामं करायचा. पासपोर्ट हातात आल्यावर दोघं त्याच्याकडं गेली. अर्ज भरून झाला, मग वकिलातीत काय विचारतील त्याची तालीम म्हणून तो स्वतःच साहेब होऊन बसला.

"आजी, अपेक्षा तुमची कोण?"

"कोण म्हंजे? मी काढलीया तिला."

"कागदावर कोण?"

"कागदावर काय न्हाई."

"बरं. तिकडं जाऊन काय करणार?"

"तिला शेकीन, बाळाला न्हाऊ घालीन. दुसरं काय येतंय मला?"

दिग्विजयनं कपाळाला हात लावला. "संपलं! आजी, सख्ख्या आईनं केलं तर ती माया, तुमी केलं तर ती नोकरी. आन् ह्या व्हिसावर नोकरी चालत न्हाई. तुमी म्हणायचं, सख्खी मावशी हाय, फिराय चाललेय."

"फिराय? लेकरा, मी अजून म्हाबळेश्वर बगितलं न्हाई."

"आन् परत येणार कशावरनं, असं इचारतील. जमीन हाय? नवरा हाय? हितं तुमाला बांधून ठेवणारं काय हाय?"

"हरणा हाय," बनुबाईच्या तोंडून निसटलं.

"कोण हरणा?"

सयाजी खुर्चीवरून उठला आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

मुंबईच्या वकिलातीत काचेपलीकडं एक गोरी बाई, आणि तिच्या शेजारी मराठी सांगणारी मुलगी. सयाजीचं झटक्यात उरकलं. जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव, पेन्शन, उसाची जमीन. त्याचा पासपोर्ट व्हिसा लावायला आत ठेवून घेतला. मग मुलीनं बनुबाईला विचारलं, "अपेक्षा तुमची कोण लागते?"

मावशी हा शब्द अगदी ओठावर होता. तेवढ्यात काचेत तिला मागचं बाकडं दिसलं. ओळीनं माणसं, आणि टोकाला मोकळे केस, ओलं पातळ. हिची सख्खी बहीण व्हायचं, आणि तेही हिच्यादेखत?

"माजी कोण न्हाई ती. तिच्या आईच्या जागी चाललेय. पहिलं बाळंतपण हाय."

"मग आई का जात नाहीत?"

"तिला ह्ये कागद कोण देणार, बाई? ती मागं बसलीया बगा."

मुलीनं बनुबाईच्या मागं, बाकड्याकडं बघितलं. मग ती सांगायचीच थांबली. गोरीनं दोनदा विचारलं तेव्हा कुठं बोलली. बनुबाईचा पासपोर्ट परत आला, सोबत नकाराचा एक छापील कागद.

येताना एसटीत, खंबाटकीचा घाट लागल्यावर सयाजीनं हळूच विचारलं, "बनाक्का, खरंच बसली हुती?"

"व्हय."

"माज्याकडं बगत हुती?"

"न्हाई रं. पाठ करून."

घाट उतरल्यावर तो म्हणाला, "आता पोरीचं कोण करणार?"

"तू."

"मी? बाप्या माणूस?"

"मग तिकडं जाऊन देवळाच्या खांबावानी हुबा राहणार हायस व्हय? माहेर म्हणून तूच उरलायस तिला."

दुसऱ्या दिवसापासून बनुबाईच्या अंगणात सुभेदाराची शिकवणी सुरू झाली. पाटावर पाय लांब करून बसायचं, नडग्यांवर दुधी भोपळा आडवा, आणि त्याला तेल लावून न्हाऊ घालायचं. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघायच्या.

"सुभेदार, लेकरू हाय ते, बंदूक न्हवं. आवळू नगंस!"

पहिला भोपळा निसटून फुटला, त्याची भाजी झाली. दुसऱ्याच्या डोळ्यांत साबण गेला, असं बनुबाईनं जाहीर केलं. पण होता होता सयाजीचा हात बसला. एका सकाळी त्यानं मानेखाली पंजा असा काही अलगद दिला, की बनुबाईनं चटकन उंबऱ्याकडं बघितलं. हरणाची मान थोडी इकडं वळलेली होती.

जायच्या दिवशी तो ओवा, शेपा आणि डिंकाच्या लाडवांची पुडकी घ्यायला आला. बाहेर पडताना उंबऱ्याशी थबकला आणि कुणी न सांगता, एका कडेनं पाय टाकून गेला.

अपेक्षाला मुलगी झाली. फोनमध्ये बनुबाईनं बघितलं: विजार गुडघ्यापर्यंत दुमडून सुभेदार फरशीवर बसलाय, आणि पायांवर ती इवलीशी नात.

"मावशी, बाबा बाळाशी परेडच्या आवाजात बोलतात," अपेक्षा हसत होती, डोळे पुसत होती.

"बोलू दे. पण पंजा बग, पंजा!"

फोन ठेवून बनुबाईनं उंबऱ्याकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. कोंबड्या तिथले दाणे टिपत होत्या. सुटली बिचारी, असं म्हणून तिनं हात जोडले खरे, पण त्या दुपारी तिला घर फार मोठं वाटलं. इतकी वर्षं तिच्यासोबत कुणीतरी वाट बघत बसलेलं होतं.

मग अवस आली. पुढची अवस काही बनुबाईनं बघितली नाही, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक? तिनं हाळीव भिजवलं, नारळ खवला, गुळात शिजवून एक लाडू वळला. तिन्हीसांजेला कालव्यावर गेली. जांभळीखालचा पाचोळा हातानं बाजूला केला, पळसाच्या पानावर लाडू ठेवला.

"खा गं बाई," म्हणाली, आणि पदर सावरून, मागं न बघता, घराकडं चालू लागली.